मक्याच्या फायलीतलं लेबल

जालना औरंगाबादेतून फुटून वेगळा जिल्हा झाला त्या साली, म्हणजे एक्क्याऐंशीत, झुंबरबाई पहिल्यांदा कपाशीच्या सीडप्लॉटवर, संकरित बियाणं तयार करायच्या शेतात, कामाला गेली. जिल्हा झाला म्हणून तिच्या गावात, वडीगोद्रीत, कुणी पेढे वाटले की नाही, हे तिला आठवत नव्हतं. पण पहिल्याच दुपारी तिनं जुन्या बायांपेक्षा दुप्पट कळ्या सोलल्या आणि त्यांची तोंडं उतरली, हे तिला पक्कं आठवायचं. सांगायचीही बिनदिक्कत. "मी काय मोठेपना करून राह्यले का? हात व्हताच माझा तसा."

हे काम ज्यानं केलं नाही त्याला ते सोपं वाटतं. वाटू द्या. उद्या उमलणारी कळी आज दुपारी हेरायची, नखानं तिच्यातले नराचे तंतू काढून टाकायचे आणि वर लाल कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी काढून नराचं फूल तिच्यावर हलकेच फिरवायचं आणि देठाला दोरा बांधायचा. नख जरा खोल गेलं की बोंड गळलं. दिवसभर कमरेत वाकून, हजारो कळ्या. मुंडीला ऊन, पायाला चिखल. दहा वर्षांत झुंबरबाई चाळीस बायांची मुकादम झाली. प्लॉटच्या या बांधावरनं हाक मारली की त्या बांधावरची बाई बोलणं थांबवायची. मालक लोकसुद्धा तिच्याशी जरा सांभाळूनच बोलायचे.

नवरा पुंजाराम. स्वभावानं गरीब. जालन्याच्या एमआयडीसीत बियाणं साफ करायच्या प्लांटवर हमाली करायचा, शनिवारी घरी यायचा, सोमवारी पहाटेची गाडी धरायचा. घरची तीन एकर होती, ती झुंबरबाईच बघायची.

आता या घराची एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अडून आहे. ब्याण्णव साली त्यांचं बाजरीचं बियाणं उगवलंच नाही. पुंजाराम जालन्याच्या ग्राहक मंचात गेला. तिथं पहिलाच प्रश्न आला, "पिशवी कुठंय? टॅग कुठंय?" पिशवी वरून टरकावली होती, टॅग चुलीत गेला होता. केस तिथंच बसली. पुंजाराम पायाकडं बघत घरी आला आणि झुंबरबाईनं त्या दिवशी कानाला खडा लावला. तेव्हापासून त्यांच्याकडं बियाण्याची पिशवी खालून फाडायची, वरची शिलाई आणि टॅग जसाच्या तसा ठेवायचा. मूठभर बियाणं फडक्यात बांधायचं. सगळं पत्र्याच्या पेटीत, सालवार. पुढं पुढं तिला त्याचं वेडच लागलं. चहाचा पुडा खालून, साबण खालून, बिस्किटाचा पुडासुद्धा खालून फाडलेला. पाहुणे हसायचे. "हसा," ती म्हणायची, "उद्या तुमच्या बिस्किटात आळ्या निघू द्या, मंग येसाल माझ्याकडं लेबल मागायला."

अशी ही बाई. पण एका गोष्टीबद्दल तीही दोन वर्षं बोलली नाही. चार बाळंतपणं झालेली, दर बाळंतपणात बाराव्या दिवशी डोक्यावर हंडा आलेला, त्यात वर्षानुवर्षं वाकून काम. पंचेचाळिशीत तिचं अंग खाली यायला लागलं. उभं राहिलं की गर्भाची पिशवी बाहेर यायची. अशा कितीतरी बाया गावात असतात आणि एकीलाही दुसरीचं ठाऊक नसतं. झुंबरबाई फडक्याची घडी बांधून कळ्या सोलत राहिली. शेवटी एका शनिवारी पुंजारामला समोर बसवून म्हणाली, "ऐका. लाजायचं न्हाई आन मधी बोलायचं न्हाई." आणि सगळं सांगून टाकलं.

जालना शहरातल्या नवीन जालना भागात एका मोठ्या डॉक्टरांचा दवाखाना होता. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, "पिशवी काढायची गरज नाही. आत जाळी बसवू. ती वर उचलून धरते. फॉरेनची आहे."

"गॅरंटी किती सालाची, डॉक्टरसाहेब?"

डॉक्टर हसले. "आयुष्यभराची."

दोन हजार तीनच्या जानेवारीत ऑपरेशन झालं. जाळीचा डबा दवाखान्याच्याच मेडिकलमधून आला. आतल्या सिस्टरनं त्यावर स्केचपेननं नाव घातलं, झुंबरबाई पुंजाराम, आणि डबा आत गेला. दोन तासांनी सिस्टर बाहेर आली तर पुंजाराम दारातच उभा.

"सिस्टर, तो रिकामा डबा द्या."

"मामा, डब्याचं काय लोणचं घालता?"

"आमच्यात ठेवत्यात."

सिस्टरनं कचऱ्यातून डबा काढून दिला. पुंजारामनं नावासकट लेबलाची बाजू कापून घेतली आणि घरी पेटीत, त्या सालच्या टॅगांमध्ये ठेवून दिली. झुंबरबाई खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, "ठेवलं ना?" तो म्हणाला, "ठेवलं." झालं. एवढ्या वर्षांत प्रत्येक टॅगवरची तारीख बोट ठेवून वाचणाऱ्या बाईनं हे एकच लेबल न बघता पेटीत जाऊ दिलं. टाके ओले होते, बाईला बसवत नव्हतं, तिला दोष कोण देणार? पण तिनं स्वतःला तो पुढं पुष्कळ दिला.

डॉक्टरांनी तीन महिने वजन उचलू नका म्हणून सांगितलं होतं. झुंबरबाईनं पाण्याचा तांब्यासुद्धा उचलला नाही. तिच्या टोळीतली बेबीनंदा, शेजारच्याच आळीतली, रोज दोन वेळा येऊन पाणी भरायची आणि वर टोमणे मारायची, "बाई, तुम्ही तर पाटलीणबाई झाल्या आता." झुंबरबाई हसायची, पण हसताना आत काहीतरी टोचायचं. मार्चात रक्त दिसायला लागलं. जखम ओली आहे म्हणून तिनं मनाची समजूत घातली. जूनमध्ये पेरणी झाली. बसलं की आतून सुई रुतावी तसं व्हायचं. त्यात जुलैत नवीनच दुखणं. तीन एकरांत पेरलेला मका चार दिवस, आठ दिवस, पंधरा दिवस झाले तरी वर येईना. पुंजाराम रजा टाकून आला, पेटी उघडली, त्या सालची पुरचुंडी उचलली आणि अंबडला कृषी कार्यालयात तक्रार देऊन आला. पंचनामा झाला, कंपनीनं पुन्हा बियाणं दिलं, तो विषय मिटला. त्या पुरचुंडीत काय काय होतं, हे त्यानं बघितलं नव्हतं.

दिवाळीनंतर झुंबरबाईला चालवेना. ती पुंजारामला आणि बेबीनंदाला घेऊन त्याच डॉक्टरांकडं गेली. बाहेर बाकांवर पंधरा-वीस माणसं. डॉक्टरांनी आत तपासलं आणि तपासणीचं दार उघडंच ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "वजन उचललं असणार. पथ्य पाळलं नाही. तुम्ही लोक ऐकतच नाही. आता जाळी काय करणार?"

"न्हाई उचललं, साहेब."

"मग आपोआप झालं का हे?"

बेबीनंदा बाकावरून उठून म्हणाली, "मी भरलं की पानी, तीन महिने!" पण तिचं कोण ऐकतो? कंपाउंडरनं पुढचा नंबर पुकारला होता.

परतीच्या एसटीत पुंजाराम खिडकीबाहेर बघत होता. अंबड जवळ आलं तसा म्हणाला, "थोडंफार उचललंच आसशीन तू. तुझा जीव कुठं गप राह्यतो."

बारा वर्षं चाळीस बायांना एका हाकेत गप करणारी झुंबरबाई, तिला त्या वाक्यावर शब्द सुचला नाही. शनिवारी येऊन सोमवारी जाणाऱ्या माणसाला काय दिसणार, असं तिनं मनाशी म्हणून बघितलं. पण ते वाक्य जाळीपेक्षा खोल रुतलं. आणि एसटीतून ते गावातही उतरलं. शिकलेला माणूस खोटं कामून बोलेल, असं लोक म्हणायला लागले. पुढच्या सीझनचं बोलताना मालकानं विचारलं, "बाई, तुम्हाला जमेल ना? न्हाई तर दुसरी मुकादम बघतो." जिनं स्वतःचं अंग सांभाळलं नाही ती प्लॉट काय सांभाळणार, असा त्यातला भाव. झुंबरबाईचं रक्त तापलं. "जमंल," एवढंच म्हणाली.

फेब्रुवारीत ती औरंगाबादला सरकारी दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी बाहेर आलेला जाळीचा तुकडा कापून काढला, तपासायला पाठवला. नंतर खाटेजवळ येऊन स्टुलावर बसल्या. "सगळी नाही निघाली. बाकीची आत चिकटलीय. दुसरं ऑपरेशन लागेल, ते पुण्याला, माझ्या सरांकडं. पण मला सांगा, ही जाळी इतकी ठिसूळ कशी? कोणती होती, कोणत्या लॉटची? काही कागद आहे का?"

त्या दुखण्यातही झुंबरबाईला हसू फुटलं. "हाये की! पेटीत हाये! लेबलासकट!" आणि मग तिनं हळूच विचारलं, "बाईसाहेब, वजन उचललं म्हून असं होतं का?"

"जाळी ठिसूळ होत नाही वजनानं," डॉक्टरीण बाई म्हणाल्या. "पण हे मी म्हणून भागणार नाही. डबा दाखवा."

घरी आल्याबरोबर पेटी उघडली. दोन हजार, दोन हजार एक, दोन हजार दोन. दोन हजार तीन गायब.

"अहो, त्या सालची पुरचुंडी?"

पुंजारामचा चेहरा पांढरा पडला. "मक्याच्या तक्रारीला दिली."

"सगळी?"

"सगळी. त्यात ते बी आसंल."

झुंबरबाईनं कपाळावर हात मारला. "धन्य हाये तुमची! पोटातली जाळी मक्यात लावली!" आणि बघते तर पुंजाराम रडायच्या बेतात. मग तीच म्हणाली, "उठा. सरकारी हापिसातून कागद पळून जात न्हाई. चला अंबडला."

कृषी कार्यालयात तातेराव नावाचे कारकून होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, समोर फायलींची रास, आणि नियम म्हटलं की नियम. त्यांनी आवक रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं. "चौदा जुलै दोन हजार तीन. तक्रार, मका. सोबत लेबलं नग पाच. पैकी एक समजत नाही." चष्म्यावरून वर बघितलं. "ते समजत नाही ते तुमचंच का? समितीत आम्ही तासभर डोकं खाजवलं. कृषी अधिकारी म्हणाले, परदेशी वाण असेल."

कार्यालयात चार-पाच शेतकरी बसलेले. पुंजाराम जमिनीकडं बघायला लागला. झुंबरबाईला क्षणभर वाटलं, बाजूला बोलावून कानात सांगावं. मग तिच्या डोळ्यासमोर ते उघडं दार आलं, बाकांवरची माणसं आली. तिच्याबद्दलचं खोटं पंधरा माणसांसमोर बोललं गेलं होतं. खरं कामून कानात बोलायचं?

"ते बियान्याचं न्हाई, साहेब," ती खणखणीत म्हणाली. "माझं अंग बाहेर येत व्हतं. डॉक्टरनं पोटात जाळी बसवली, तिचं लेबल हाये ते. जाळी खराब निघाली. मला ते पाह्यजे."

एक शेतकरी खोकला. तातेराव मात्र नुसते म्हणाले, "असं होय." फाईल काढली, पान काढलं, बघितलं आणि परत लावलं. "पण मूळ कागद देता येत नाही. फाईल बंद झालीय. कागद आता सरकारजमा."

"माझ्या पोटाचं लेबल सरकारचं कसं काय?"

"नक्कल देतो. मूळ पाहिजे तर कोर्टानं मागवावं, मी स्वतः घेऊन येईन. नियम आहे बाई."

तिनं हात टेकले. नक्कल घेऊन ती जालन्याला अलीम वकिलांकडं गेली. अलीम वकील बियाण्याच्या केसेससाठी जिल्ह्यात माहीत होते. त्यांच्या टेबलावर कायम कुठलं तरी न उगवलेलं बी पडलेलं असायचं. त्यांनी सगळं ऐकलं आणि सवयीनं विचारलं, "अक्का, लेबल है? बिल है? पंचनामा?" मग स्वतःशीच हसले, "अरे, ही तर माझीच केस आहे." नक्कल उजेडाला धरली आणि त्यांचं हसू गेलं. "ये देखो. मुदत. ऑगस्ट दोन हजार एक. तुमच्यात बसवली तेव्हा हिला मरून दीड वर्षं झालं होतं."

झुंबरबाईनं त्या आकड्यांवर बोट ठेवलं. इंग्रजी अक्षरं तिला येत नव्हती, पण आकडे येत होते. टॅग वाचून वाचून शिकलेली. "दोन हजार एक," ती म्हणाली. "मी बघितलं असतं तर बसवूच दिली नसती." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

ग्राहक मंचात केस लागली. डॉक्टरांच्या वकिलांनी उत्तर दिलं ते असं, की जाळी उत्तम होती, मुदतीतली होती, हे घ्या दुसऱ्याच लॉटचं बिल. बाईनं दाखवलेलं लेबल भांडण झाल्यावर कुठल्या तरी कचऱ्यातून उचललेलं आहे आणि त्यावर नाव मागून लिहिलंय. बाईनं वजन उचललं, म्हणून हे झालं. तारखा पडत गेल्या. दीड वर्ष तिनं त्या दुखण्यासकट प्लॉटही सांभाळला. वाकता येत नव्हतं तर बांधावर खाट टाकून बसायची आणि बोटानं दाखवायची. त्या दोन सीझनांत बायांनी एक कळी चुकू दिली नाही, हे मालकालाही कबूल करावं लागलं.

निकालाच्या आधीच्या तारखेला मंचाच्या व्हरांड्यात डॉक्टरांचे वकील अलीम वकिलांजवळ आले. आवाज मऊ झाला होता. पुण्याच्या ऑपरेशनचा सगळा खर्च डॉक्टर देतात, वर प्रवासाचा, बाईंनी केस मागं घ्यावी. फक्त कागदावर कुणाची चूक म्हणून काही येऊ नये.

अलीम वकील म्हणाले, "अक्का, विचार करा. सरकारी फाईल आज येतेय, पण मंच काय म्हणेल हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. हरलो तर काहीच नाही."

पुंजाराम लगेच म्हणाला, "घेऊन टाक, झुंबर. तुझं ऑपरेशन होऊन जाईन. आनखी काय पाह्यजे?"

झुंबरबाईनं त्याच्याकडं बघितलं. "एसटीत काय म्हनले व्हते तुम्ही, आठवतं का?"

पुंजारामनं मान खाली घातली.

"मला आठवतं. मला ते कागदावर खोडून पाह्यजे. तुमच्या बी समोर आन गावाच्या बी." मग वकिलांकडं वळून, "न्हाई म्हनून सांगा त्यांना. ऑपरेशन मी उधार-उसनवार करून करीन. चूक उधार घेनार न्हाई."

आत गेल्यावर अध्यक्षांच्या शेजारी बसलेल्या मॅडमनी विचारलं, "बाई, तुमचं नक्की म्हणणं काय?" झुंबरबाई उभी राहून म्हणाली, "खर्चा पाह्यजेच, तो कामून सोडू? पन पह्यले हे लिहून पाह्यजे, का माझी चूक न्हाई."

डॉक्टरांच्या वकिलांनी मग तेच सुरू केलं. लेबल मागून पैदा केलेलं, नाव मागून लिहिलेलं. तेवढ्यात तातेराव लाल फीत बांधलेली फाईल छातीशी धरून आत आले. मक्याची फाईल. त्यांनी फीत सोडली, पान उघडून अध्यक्षांपुढं ठेवलं. वर उगवणशक्तीचा पंचनामा, मक्याची चार लेबलं, आणि पाचवं ते.

अध्यक्षांनी लेबल तिरपं धरून बघितलं. बराच वेळ. मग ते मॅडमकडं दिलं. त्यांनीही बघितलं. "या शिक्क्याची शाई," मॅडम म्हणाल्या, "नावाच्या अक्षरांवरून गेलीय."

झालं होतं असं, की तातेरावांनी आवक घेताना नियमानं पाचही लेबलांवर शिक्का मारला होता. चौदा जुलै दोन हजार तीन. आणि पाचव्यावर तो नेमका झुंबरबाईच्या नावावर बसला होता; नकलेत तो नुसता काळा डाग दिसत होता. म्हणजे नाव शिक्क्याच्या आधीचं. आणि डॉक्टरांशी पहिला वाद झाला तो दिवाळीनंतर. भांडणाच्या चार महिने आधी ते लेबल, नावासकट, अंबडच्या सरकारी कपाटात मक्यासोबत पडलेलं होतं.

"तक्रारदाराला," अध्यक्षांनी डॉक्टरांच्या वकिलांना विचारलं, "जुलैमध्येच माहीत होतं का, की दिवाळीनंतर तुमच्याशी भांडण होणार आहे?"

वकिलांनी कागद चाळले. तातेरावांनी फीत परत बांधायला घेतली. झुंबरबाईनं पुंजारामकडं बघितलं. तो डोळे पुसत होता, आणि त्याला हसूही येत होतं, कारण ही त्याचीच चूक होती. तो मठ्ठपणे पुरचुंडी उचलून गेला नसता तर ते लेबल पेटीतच राहिलं असतं आणि त्या लेबलावर कुणी विश्वास ठेवला नसता.

निकाल दोन हजार सहाच्या सप्टेंबरात हाती आला. ऐन सीझन. अलीम वकिलांनी पाकीट पुंजारामजवळ दिलं आणि तो शनिवारी थेट प्लॉटवर आला. झुंबरबाई बांधावर खाटेवर. तिनं पाकीट घेतलं, खालून फाडलं आणि त्याच्याच हातात परत दिलं. बायांना हाक मारली. चाळीस बाया लाल टोप्यांच्या ओळींतून बाहेर आल्या.

"वाचा. खर्चाचं मागून वाचा. ते वाचा."

पुंजारामनं शोधलं. प्लांटवर पोत्यांवरचे आकडे वाचणारा माणूस, कोर्टाची मराठी त्याला जड गेली. "तक्रारदार बाईने वजन उचलले अथवा पथ्य पाळले नाही, याचा कोणताही पुरावा आढळून येत नाही. सबब... तक्रारदार बाईची कोणतीही चूक नाही."

"परत वाचा."

त्यानं परत वाचलं. या खेपेला शेवटच्या शब्दाशी आवाज चिरकला. बेबीनंदा पदर तोंडाला लावून मोठ्यानं म्हणाली, "मी तवाच म्हनलं व्हतं! माझं कुनी ऐकतं का?" बाया हसल्या. मालकही तिथंच होता. तो चप्पल घालून निघून गेला, आणि दुसऱ्या दिवशी खाटेवर सावलीसाठी त्याच्याकडची ताडपत्री येऊन पडली.

झुंबरबाई पुंजारामच्या तोंडाकडं बघत थांबली. त्याच्या ओठांशी काहीतरी येऊन अडलं. कागद पेटीत ठेवतो म्हणाला, तर ती म्हणाली, "पेटीत नको. पुढच्या साली ज्वारीसंगं देऊन टाकसाल. खिशात ठेवा तुमच्या."

सीझन उरकून, हप्त्यानं खर्च मिळाल्यावर, दोघं पुण्याला निघाली. अलीम वकिलांकडून कागद घ्यायचे म्हणून आधी जालन्याची एसटी. तीच गाडी, तीच उलटी वाट. झुंबरबाईला बसायला त्रास होत होता, म्हणून पुंजारामनं सीटवर गोधडीची घडी टाकली. समोरच्या सीटवर एक पागोटेवाले म्हातारबा होते, अंबडला चढलेले. त्यांनी गोधडी बघितली, बाईकडं बघितलं.

"काय झालं बाईला?"

"ऑपरेशन हाये," पुंजाराम म्हणाला. "पह्यलं बिघडलं."

"वजन उचललं आसंल," म्हातारबा सहज म्हणाले. "बायांचं असंच आसतं."

झुंबरबाई बोलायला तोंड उघडणार, तोच पुंजारामनं सदऱ्याच्या खिशातून घडी काढली. कागद मधून फाटायला आला होता, घामानं कडा पिवळ्या झाल्या होत्या. त्यानं तो मांडीवर पसरला आणि गाडीच्या आवाजाच्या वर आवाज काढून, अडखळत, सगळ्या एसटीला ऐकू जाईल असं वाचलं, "तक्रारदार बाईची कोणतीही चूक नाही."

कंडक्टरनं मागं वळून बघितलं. म्हातारबा म्हणाले, "असं का," आणि खिडकीकडं सरकले.

झुंबरबाईनं या वेळी त्याला परत वाचा म्हणून सांगितलं नाही. त्यानंच परत वाचलं.